फणसवाराचा फणस

"गेला! फणस गेला!" गॅलरीतून ओजस ओरडला आणि त्याच्या ताईच्या, रेवतीच्या हातातली तेलाची वाटी पडता पडता वाचली.

आज मे महिन्यातला शेवटचा रविवार, म्हणजे फणसवार! हा सण कुठल्याही कॅलेंडरात सापडणार नाही, कारण तो रेवतीने स्वतः काढला होता. बाबांच्या मुलुंडच्या जुन्या घराची इमारत पाडून तिथे टॉवर होणार होता. दर सुट्टीत सगळे जमायचे ते घर रिकामं झालं होतं. "मग आता आपण भेटायचं कुठे? फक्त लग्नात?" असं विचारत तिने सगळ्यांना फोन केले होते. बेत साधा होता. अंधेरीला रेवतीच्या घरी यायचं, हाताला तेल लावायचं आणि मुलुंडच्या अंगणातल्या झाडाचा शेवटचा फणस मिळून फोडायचा.

"सण असे बनवता येत नाहीत गं," घाटकोपरचे देवव्रतकाका हसले होते. पण 'येतो' म्हणाले आणि त्यांची मुलगी मीरा कालच राहायला आली होती.

"आई, फणस कुठाय?"

"मला काय माहीत! त्या वासाने माझं डोकं उठतं, म्हणून रात्री तुझ्या बाबांना म्हटलं, घराबाहेर काढा. कुठे ठेवला ते नाही विचारलं बाई."

रेवतीने बाबांना फोन लावला. तो फ्रिजवर वाजला! आत्याला आणायला तिच्या मुलुंडच्या भाड्याच्या घरी गेलेले बाबा फोन घरीच विसरले होते.

मीराने आपल्या बाबांना, देवव्रतकाकांना फोन केला. "फणसच नाही? मग राहू दे ना," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"अजिबात नाही!" रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज पक्का होता. "पहिल्याच वर्षी राहिला ना, की कायमचा राहिला. फणस शोधायचा. आत्ता!"

तिघं लिफ्टमध्ये शिरली. ओजसने बटण दाबलं आणि किंचाळला, "शी! बोट चिकटलं!"

"थांब, कुठलं बटण?" मीरा वाकली. "पार्किंगचं! आणि हा चीक आहे. तुमचे बाबा तेल न लावता फणस घेऊन गेलेत!"

पार्किंगमध्ये बाबांच्या गाडीची जागा रिकामी होती.

"गाडी? ती तर सकाळीच मरोळच्या गॅरेजवाल्यांनी ओढून नेली," वॉचमनकाका म्हणाले. "शेजारच्या साहेबांनी तक्रार केली ना, गाडीतून कसलातरी उग्र वास येतोय म्हणून. तुमचे बाबा घाबरले. म्हणाले, सीएनजी लीक होतोय!"

"पण बाबांना कळलं नाही कसला वास ते?" रेवतीने विचारलं.

"त्यांचं नाक चोंदलंय यार!" ओजस म्हणाला. "काल त्यांना मोगऱ्याचापण वास आला नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "डिकी!"

आईला सांगून तिघं रिक्षाने मरोळला पोहोचली. गॅरेजच्या एका कोपऱ्यात गाडी एकटीच उभी होती आणि तिच्याभोवती दोरी बांधली होती.

"ए, मागे व्हा!" मेकॅनिक चंद्रप्रकाश धावत आला. "गॅस लीक आहे. उद्या गॅसवाला येईल. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

"उद्या? काका, आमचा सण आज आहे! डिकीत फणस आहे. तुम्हाला वास येत नाही?"

"इथे दिवसभर गाड्यांना रंग मारतो आम्ही. कसला वास कळतोय! जा घरी."

रेवती हलली नाही. "आम्ही दोरीच्या आत येणार नाही, पण फणस घेतल्याशिवाय जाणारही नाही."

ओजस मघापासून डिकीकडे टक लावून बघत होता. "काका, गॅसवर माश्या बसतात का हो?"

चंद्रप्रकाशने वळून पाहिलं. डिकीच्या फटीवर माश्यांची जत्रा भरली होती! तो डोकं खाजवत पुढे गेला. त्याने डिकीला हात लावला, तर तो चिकटला. मग त्याने जपून ती उघडली.

"अरे बापरे!" तो हसत सुटला. "हा काय लीक होणार! हा तर मस्त पिकलाय!"

त्याने गाडी तपासली आणि तिघांना फणसासकट स्वतःच घरी आणून सोडलं. गेटपाशी बाबा आत्याला घेऊन रिक्षातून उतरत होते आणि देवव्रतकाका तिथेच उभे होते.

"अरे वा, झाली गाडी?" बाबा शिंकत म्हणाले. "लीक कुठे होतं?"

"इथे!" रेवतीने डिकी उघडली.

बाबांनी कपाळावर हात मारला. "वाट लागली! रात्री मीच ठेवला होता की!"

शिक्षा म्हणून फणस बाबांनीच फोडला, या वेळी कोपरापर्यंत तेल लावून. आईने पहिला गरा नाक दाबून खाल्ला आणि दुसरा नाक न दाबताच उचलला. आत्याने तिन्ही पोरांना जवळ घेतलं. "शाबास रे! मला वाटलं होतं, मुलुंडबरोबर सगळंच संपलं."

देवव्रतकाका मात्र सगळ्यांच्या ताटांतल्या आठळ्या वेचून रुमालात बांधत होते.

"काका, भाजून खायच्यात?" ओजसने विचारलं.

"खायच्या नाहीत, लावायच्यात. त्याच झाडाच्या बिया आहेत ना या? प्रत्येकाच्या घरी एक कुंडी." काकांनी रेवतीकडे पाहिलं. "मी चुकलो गं. सण बनवता येतात. पुढचा फणसवार घाटकोपरला, माझ्याकडे! आणि तुम्ही शोधल्याशिवाय फोडायचा नाही हं. फणस कुठे लपवायचा ते मी ठरवणार!"