पडद्याला मारलेलं पाणी

कंदिलाची वात बारीक कर रे रघू. रॉकेल काय तुझ्या सासऱ्याच्या घरून आलंय? आणि इथे डाव्या बाजूला बस. उजव्या कानाने मला कमी ऐकू येतं.

ही गोष्ट इथली, हरिहरेश्वरची नव्हे. काशीदच्या पुढे, मुरूडच्या अंगाला एक गाव आहे, तिथली. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून राहतात तिथे. माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. त्याला आपण काळूराम म्हणू. साल छप्पन्न. वैशाख वद्य नवमी आणि दशमी, या दोन रात्री.

काळूराम जातीचा कोळी, पण त्याला होडी लागायची. भावांनी दोनदा समुद्रात नेला, दोन्ही वेळा ओकून ओकून अर्धमेला झाला. मग तो मार्तंड दादांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत शिंपणाला राहिला. वाडीच्या कडेला खोपटं, त्यात तो आणि बायको रतन. भला माणूस. कुणाला नाही म्हणायची त्याला भीती वाटायची, एवढाच काय तो दोष.

त्या वैशाखात शिवदासचा तंबू आला. फिरता सिनेमा रे. वाळूवर राहुटी ठोकली, मधोमध पातळ पांढऱ्या कापडाचा पडदा. पडद्याच्या पुढे पुरुष, मागे बायका. ही पंचांची अट. मागून चित्र उलटं दिसतं, डावरा माणूस उजवा होतो, पण बायकांना त्याचं काही वाटलं नाही. फक्त कापड कोरडं असलं तर चित्र मागे नीट उतरत नाही. ते भिजवत राहावं लागतं. ते काम शिवदासने काळूरामला दिलं. चार हंडे गोडं पाणी आणायचं आणि रीळ बदलायला मशीन थांबलं की मागच्या बाजूने तांब्याने पडद्यावर मारायचं. मागे बायका बसलेल्या, तेव्हा मान खाली घालून जायचं आणि मान खाली घालूनच परत यायचं.

नवमीला संध्याकाळी तो हंडे घेऊन गावच्या विहिरीवर गेला. वैशाखात तिथे ही रांग. "आमच्या पोरांना प्यायला न्हाय आन् तुला शिनेमाला पायजे?" म्हणून बायकांनी पिटाळला. आता पाणी आणायचं कुठून? त्याला वाडीतली जुनी विहीर आठवली. ती दोन वर्षं बंद होती. पाणी मचूळ झालं, असं सांगून दादांनी तिच्यावर फळ्या ठोकल्या होत्या.

ही फळ्यांची भानगड आधी सांगतो. दादांची बायको कुमुद. दोन वर्षांमागे एका रात्री ती समुद्रात चालत गेली, असं दादा म्हणाले. डोक्याने कमी झाली होती, असंही म्हणाले. प्रेत मिळालं नाही. आता त्या किनाऱ्याला बुडालेलं माणूस तिसऱ्या दिवशी वर येतं, हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. फौजदार आला. त्याने काळूरामला विचारलं, "तू वाडीत होतास. रात्री काही ऐकलंस?" दादा शेजारीच उभे होते. काळूराम म्हणाला, "न्हाय." रतन तेव्हा माहेरी गेली होती, त्यामुळे दुसरा कुणी विचारायला नव्हता. कागदावर अंगठा उठला. पुढच्या आठवड्यात विहिरीला फळ्या लागल्या.

मग तिचंच पाणी का काढलं? मीही त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, आत काही असतं तर मी पाणी काढलं असतं का? म्हणजे बघ, स्वतःची समजूत घालायला काढलं त्याने. दोन फळ्या उचकटल्या, पोहरा सोडला. पाणी नितळ. जिभेवर धरून बघितलं. मचूळ नव्हतं. गोड होतं.

सिनेमा होता तो असा. एका कारकुनाच्या बायकोला रोज रात्री घरात कुणी रडल्याचं ऐकू येतं. नवऱ्यालाही येतं. त्याच्या हातातली विडी पडते, मान वळते, बघणाऱ्याला सगळं कळतं. पण ती विचारते, "ऐकलंत?" आणि तो म्हणतो, "छे, काही नाही." रोज तेच. शेवटी तिचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडतो आणि ती समुद्रात चालत जाते. शेवटची पाच मिनिटं नुसती तिची पाठ. गाणं नाही, वाचवायला कुणी येत नाही, कोण रडत होतं तेही सांगत नाहीत. संपला.

पुरुष शिव्या घालत उठले. बुधाजी तांडेल म्हणाला, "फशिवलान आपल्याला. येका खुळ्या बाईचा शिनेमा." कुणी म्हणालं, नवरा बिचारा काय करणार? मार्तंड दादा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. ते म्हणाले, "असं असतंच. मी भोगलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पडद्यामागच्या बायका मात्र उठल्या नाहीत. शिवदासने बत्ती लावली तरी बसून राहिल्या. मग एकमेकींचे हात धरून घरी गेल्या. सकाळी गावभर भांडणं. बुधाजीच्या बायकोने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "खुळी कोन व्हती त्ये आदी सांगा, मंग जेवा." आणि बायकांनी शिवदासच्या राहुटीपुढे जाऊन सांगितलं, आज पुन्हा हाच लाव. दादांनी निरोप पाठवला, लावू नकोस. पण शिवदासकडे दुसरा सिनेमा होता कुठे?

काळूरामला हे सगळं रतनने सांगितलं. ती म्हणाली, "बाप्यांनी पाठ बगितली. आमी तोंड बगितलं. शेवटाला ती आमच्याकडं वळली."

"कोन?"

"कुमुदवैनी."

रतन म्हणाली, "येकीला न्हाय, समद्यांना दिसली. आज आमी म्हातारीला मागं बसवनार हाव."

म्हातारी म्हणजे अनुसूयाबाई. कुमुदची आई, तळा गावची. लेक गेल्याचं कळलं तशी आली ती परत गेलीच नाही. देवळाच्या ओवरीत राहायची आणि रोज पहाटे ओहोटीच्या रेषेने चालत जायची. काल काही वर आलं का, असं होड्यांवर विचारायची. दोन वर्षं. काळूराम तिला बघितलं की वाट बदलायचा.

दशमीला तो पुन्हा पाण्याला निघाला. या खेपेला गावच्या विहिरीवर बायकांनी स्वतः रहाट ओढून त्याचे चारही हंडे भरून दिले. त्याच्या जिवात जीव आला. आज काही दिसणार नाही, हे त्याला माहीत होतं. कसं माहीत होतं, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

आणि तसंच झालं. रिळामागून रीळ गेलं, काही वेगळं दिसेना. शेवटच्या रिळाला मशीन थांबलं. साडेदहा झाले असतील. काळूराम तांब्या घेऊन मागे गेला, मान खाली. म्हातारी अगदी पडद्याला लागून बसली होती. तिने त्याच्या धोतराचा सोगा धरला.

"काळूराम ना तू? वाडीतला?"

"व्हय आजी."

"मला डोळ्यांनी नीट दिसत नाही बाबा. ती दिसली तर सांग मला." मग हळूच म्हणाली, "एक विचारू? जाताना माणूस आईला हाक मारतं म्हणतात. तिने मारली होती का रे? एवढंच सांग. मग मी जाते माझ्या गावी."

पुढून बुधाजी ओरडत होता, पाणी मार लवकर. त्याने उरलेलं पाणी वाळूत ओतून दिलं. रिकामा हंडा उचलला आणि वाडीकडे पळत सुटला.

चंद्र उगवायचा होता. पोफळींच्या खाली मिट्ट काळोख. फळ्या तशाच बाजूला पडलेल्या, काल त्याने टाकल्या होत्या तशा. त्याने पोहरा सोडला. दोर सुटत गेला... सुटत गेला... पाण्यावर आपटल्याचा आवाज आला नाही. दोर संपला. मग तो आपणहून ताठ झाला.

त्याने ओढला. जड. फार जड. पोहऱ्याला एवढं वजन नसतं... तो ओढत राहिला. पोहरा वर आला, नुसता पाण्याने भरलेला. हंड्यात ओतला. पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. हंडा भरला. पोहरा काठावर ठेवला.

आणि खाली, विहिरीत, कुणीतरी पाणी कापलं.

त्याने वाकून बघितलं नाही. हंडा खांद्यावर घेतला. चालू लागला. मागे बघितलं नाही. हंडा उजव्या खांद्यावर डचमळत होता. पाणी कानाशी लागत होतं. गार.

तो परतला तेव्हा मशीन चालू झालं होतं. पडदा अर्धा कोरडा, मागे नुसत्या सावल्या. बाई समुद्राकडे निघाली होती. त्याने तांब्यात पाणी घेतलंच नाही. हंडाच पडद्यावर ओतला. आणि जन्मात पहिल्यांदा तिथे मान वर केली.

पाठ होती. केस होते. गुडघाभर पाणी.

मग ती थांबली...

वळली.

कुमुद होती. तिने बायकांवरून नजर फिरवली. आईवरून फिरवली. काळूरामवर थांबली. ओठ हलले. कर्ण्यातून आवाज नाही, नुसती घरघर. पण त्याच्या उजव्या कानात...

"काळूराम."

...

"काळूराम. दोर टाक."

...

"अरे काळूराम..."

दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं, तसंच. तेवढंच. तीनदा. तेव्हा तो गोधडीत होता आणि दादांच्या पडवीत कंदील जळत होता. त्याने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली होती.

"ऐकलं व्हतं," तो म्हणाला. आधी हळू. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी ऐकलं व्हतं. इहिरीतनं. ती इहिरीत व्हती."

पुढे पुरुष उठून उभे राहिले. त्यांना अजून पाठच दिसत होती, काय झालं ते कळेना. म्हातारी म्हणाली, "मला हाक मारली?"

"तुमाला न्हाय, आजी. मला. नाव घेऊन. तीनदा."

"मग तू का नाही गेलास?"

याला काय उत्तर देणार? तुम्ही द्याल?

सकाळी विहीर उपसली. हाडं निघाली, काळी पोत निघाली, म्हातारीने ती चाचपून ओळखली. मार्तंड दादांना धरून अलिबागला नेलं. खटला उभा राहिला. त्यांच्या वकिलाने काळूरामला एकच विचारलं. तेव्हा अंगठा उठवून नाही म्हणालास, आता हो म्हणतोस, यातलं खोटं कुठलं? काळूरामला बोलता आलं नाही. दादा सुटले. वाडी विकून देशावर गेले. काळूरामच्या एका नाही म्हणण्याने सुटले ते, दुसऱ्या कशाने नाही. जिवंत असताना बाई वाचली असती, आणि मेल्यावर निदान न्याय मिळाला असता. दोन्ही त्याने घालवलं. कोर्टाबाहेर म्हातारी भेटली. शिवी दिली नाही तिने. "कान चांगले आहेत रे तुझे," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली.

गाव अजून दोन तोंडांनी बोलतं. पुरुष म्हणतात, आम्ही पुढे होतो, शेवटपर्यंत पाठ होती. बायका म्हणतात, तोंड होतं. एका घरात दोन साक्षी.

आणि काळूराम? रतन दोन वर्षांत गेली. मग त्याने ते गाव सोडलं, कुठे लांब जाऊन राहिला. पण त्या रात्रीपासून त्याचा उजवा कान गळायला लागला. कान फुटतो तसं नाही. पू नाही, वास नाही. अलिबागच्या डॉक्टरने बत्ती लावून बघितलं, म्हणाला कानात काही बिघाड नाही. दिवसा कोरडा. रात्री गळतो, जास्त करून वैशाखात. नितळ पाणी. गोड...

गोड कसं कळलं? आता त्याने सांगितलं मला, म्हणून कळलं. काहीतरी विचारतोस.

चला, उठा. उशीर झाला. काय रे रघू, माझ्या खांद्याकडे काय बघतोस? घाम आहे तो. उकडतंय किती.

...

एकाच खांद्याला येतो. असतं एकेकाचं.

...

हात लावलास? बरं. आता बाहेर जा आणि तो हात धू. जिभेला लावू नकोस.