ओनिसिम काकांचा हातोडा

ही हकीकत खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. स्मरांदा खोटं बोलणारी मुलगी नाही.

ऑक्टोबरातली दुपार होती. पोयाना रेचे गावाच्या वरचं बीच वृक्षांचं जुनं रान धुक्यात बुडालं होतं.

स्मरांदा सरकारी विद्यापीठात वनसंवर्धन शिकत होती. उन्हाळ्यात वोर्निकु सरांनी वर्गाला याच रानात आणलं होतं. "सगळ्यात जुनी झाडं शोधा, पांढरा पट्टा ओढा. ती राखीव होणार," सर म्हणाले होते. लेकराला तीट लावावी तसा तिनं एकेका खोडाला पट्टा ओढला होता.

तेव्हा ओनिसिम काका हयात नव्हते. या रानाचे वनरक्षक. वसंतातच गेले. पहिल्या वर्षी त्यांनीच तिला समजावलं होतं, "पोरी, झाड तोडायचं ठरलं की साल छिलून शिक्क्याचा हातोडा मारायचा. एकदा छातीशी, एकदा मुळाशी. झाड जातं, मुळाचा शिक्का मागे राहतो. बुडख्यावर शिक्का दिसला नाही, तर चोरी समज."

त्यांचा हातोडा आता वनखात्याच्या कचेरीत कुलपात होता.

आज ती वर्गातल्या होरियाबरोबर झाडं पुन्हा बघायला आली होती.

"आटप गं, वनदेवी," होरिया म्हणाला. "माझे कान गळून पडतील. खाली मक्याचा गरम मामालिगा वाट बघतोय."

"तुझं पोट आधी राखीव करायला हवं."

तो हसला नाही.

रानात एकही पाखरू बोलत नव्हतं.

मग... टक्.

"ऐकलंस?"

"मला नाही आलं ऐकू. सुतारपक्षी असेल."

"इतका थांबून थांबून?"

टक्...

ती आवाजाच्या दिशेनं चालत गेली. तिच्या पहिल्या पट्ट्याचं झाड जिथं होतं, तिथं बुडखा होता.

पुढे आणखी एक. पलीकडे आणखी.

बाकीचं रान जागच्या जागी होतं. पट्ट्याची झाडं तेवढी गेली होती. वरच्या टोकाचं एकच उरलं होतं.

"होरिया, हे काय आहे?"

त्यानं बुटाच्या टोकानं पाचोळा उकरला. "सरांना माहीत होतं. लाकूडवाल्यांना जाडजूड झाडं हवी होती, ओळखू येतील अशी. पट्टे त्यांच्यासाठीच होते."

"आणि तुला?"

"मला... मलाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू इतक्या मायेनं पट्टे ओढत होतीस, स्मरा. सांगितलं असतं तर ओढले असतेस?"

तिला रडू आलं नाही. ती खाली वाकली. बुडख्याची मुळं कोरी होती. दुसऱ्याचीही. तिसऱ्याचीही.

"शिक्का नाही," ती म्हणाली. "एकावरही नाही. ही चोरी आहे. मी तक्रार करणार."

होरियाचा चेहरा उतरला.

तिनं फोटोसाठी फोन समोर धरला.

टक्.

अगदी समोर.

बुडख्याच्या मुळाशी सालीचा कपचा उडाला. पांढऱ्या लाकडावर गोल शिक्का उमटला... ओला, ताजा. अक्षरं ओनिसिम काकांच्या हातोड्याची.

तिथं कुणीच नव्हतं.

मग पुढच्या बुडख्यावर... टक्. त्याच्या पुढच्यावर... टक्.

"काय बघतेस?" होरिया विचारत होता. त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

ती मागे सरत गेली. पाठ त्या उरलेल्या झाडाला टेकली. ढोलीतून घुबडाचं पीस गळून तिच्या बाहीवर बसलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पण?"

आवाज थांबला.

रान थांबलं.

खूप वेळ काहीच नाही...

मग तिच्या खांद्याला लागून, छातीच्या उंचीवर, टक्.

आणि खाली, तिच्या टाचेशी, टक्.

तक्रार तिनं केली. चौकशीवाले आले, बुडखे तपासले. प्रत्येकावर शिक्का. "म्हाताऱ्यानं मरण्याआधी मारून ठेवले असतील. सगळं कायदेशीर आहे, बाई," ते म्हणाले. उन्हाळ्यात एकाही खोडावर शिक्का नव्हता, हे ती सांगत राहिली. सर खिडकीबाहेर बघत राहिले. कचेरीतलं कुलूप कुणी उघडलं नव्हतं.

ते शेवटचं झाडही हिवाळ्यात गेलं. कायदेशीर.

मेलेला माणूस कुणाच्या हुकमानं राबत होता, स्मरांदाला आजही कळलेलं नाही. सरांचं, होरियाचं ती कधीतरी बोलते. काकांचं विचारलं की उठून जाते.

एकदाच म्हणाली, "मी हाक मारली तेव्हा ते थांबले होते. माझा आवाज त्यांनी ओळखला होता..."

मग हळूच, "आणि तरी शिक्का मारला."