आत्याची गाडी का कण्हते?

“उद्या गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय. काय हिंडायचं ते आजच हिंडून घ्या!” काकाने जाहीर केलं, आणि फिरायला निघालेली तिन्ही मुलं दारातच थबकली.

“विकायची? आपली गाडी?” भिंगरी किंचाळली. बारा वर्षांची ही मुलगी एका जागी घटकाभर टिकत नसे, म्हणून भिंगरी. शेजारी काकाचा मुलगा बंडल. त्याच्या गोष्टींतली खरी किती, हे त्यालाही सांगता येत नसे. आणि मागे त्याची धाकटी बहीण शेपूट. ती कायम कुणाच्या तरी मागेच असायची.

“स्टिअरिंग दगडासारखं जड झालंय,” काका म्हणाला. “वळण आलं की ताईचे हात थरथरतात. वय झालं आता!”

मोठी आत्या पायरीवर बसली होती. एरवी तिने आपल्या या धाकट्या भावाला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज ती नुसती तळहात चोळत राहिली. “खरंय रे. काल फाटकाचा खांब जेमतेम चुकला. माझाच मला भरवसा नाही राहिला.”

भिंगरीने गाडीकडे पाहिलं. दर सुट्टीत स्टेशनबाहेर हीच निळी गाडी उभी असायची. तापलेल्या सीटचा तो वास, आणि खिडकीतून अर्धी बाहेर आलेली आत्या, “सामान राहू दे, आधी पोरं मोजा!” म्हणून ओरडणारी. भिंगरीचे बाबा याच गाडीवर शिकले. काकाही. शिकवलं कुणी? आत्यानेच! आता गाडी गेली की आत्या घरात बसून राहणार. मग ती आत्या कसली?

“सकाळी ते बरणीचं झाकण कुणी उघडलं?” घरामागे जाताच भिंगरीने विचारलं.

“बाबांनी फडकं लावून झटापट केली. घामाघूम झाले!” बंडल म्हणाला.

“पण उघडलं कुणी?”

“आत्याने! एका झटक्यात!”

“मग? हे हात थकलेले आहेत होय? दोष गाडीत आहे!”

“टायरात हवा कमी असली की स्टिअरिंग जड होतं. मी एकदा विमानाच्या टायरात—”

“बंडल, पुरे!”

पण या वेळी त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. हवा भरायच्या पंपाचा काटा लावून चारही टायर तपासले. हवा अगदी बरोबर! बंडलचं तोंड एवढंसं झालं.

मग त्यांनी आत्याला ओढतच गाडीत बसवलं.

“इंजिन बंद ठेवून स्टिअरिंगचं चाक फिरव,” भिंगरी म्हणाली. जड. “आता चालू करून.”

तेवढंच जड! आणि वर आवाज आला, “ऊंऽऽऽ...”

“गाडी कण्हतेय!” शेपटाने डोळे मोठे केले.

“इंजिन चालू झालं की चाक हलकं व्हायला हवं,” आत्या पुटपुटली. “आतला पंप स्टिअरिंगकडे तेल दाबून पाठवतो, त्याची मदत होते. पण मी तेल बघायला सांगितलं होतं की! तुझा काका म्हणाला, भरपूर आहे.”

भिंगरीचे डोळे चमकले. ती धावत काकाकडे गेली. “काका, बंडल म्हणतो, तुला बॉनेटसुद्धा उघडता येत नाही!”

“काय? दाखवतोच त्याला!” काका तरातरा आला. “इंजिन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही हं!” आत्या म्हणाली. इंजिन बंद झालं, बॉनेट उघडलं आणि काकाने ऐटीत तेल मोजायची पट्टी ओढून दाखवली. “हे बघा तेल! भरपूर!”

“हे इंजिनचं. आणि स्टिअरिंगचं?” भिंगरीने विचारलं.

“स्टि... त्याचं वेगळं असतं?”

त्या घरात बिजागरीला घालायचं ते तेल, केसांना लावायचं ते तेल आणि गाडीत असेल नसेल तेही सगळं तेलच! आत्या एक तेल म्हणाली, काकाने दुसरंच बघितलं!

“ही बघा डबी!” बंडल ओरडला. झाकणावर स्टिअरिंगच्या चाकाचं चित्र होतं आणि आत ठणठणाट! खालच्या नळीवर शेपटाने बोट टेकवलं, ते तेलाने माखलं. नळीची पकड सैल होती.

काकाचे कान लाल झाले. “बॅटरी बदलताना ही नळी मीच ओढली होती...”

आता मात्र काका कामाला लागला. पकड घट्ट आवळली. झाकणावर लिहिलेलंच तेल शोधून आणलं, बेताबेताने ओतलं. आत्याने इंजिन चालू करून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. डबीत बुडबुडे आले, तेल खाली गेलं. इंजिन थांबवून पुन्हा भरलं. असं दोन-चारदा झालं. कण्हणं बारीक होत गेलं आणि थांबलं.

“अगंबाई!” आत्याने चाक एका हाताने फिरवलं. मग दुसऱ्या हाताने. मग उगाचच पुन्हा एकदा. तिचे डोळे भरून आले होते.

“ताई, तुझे हात ठणठणीत आहेत,” काका खाली बघत म्हणाला. “म्हातारे झालेत ते माझे कान! आत्ताच गिऱ्हाईकाला ‘येऊ नका’ म्हणून कळवतो.”

“चूक माझीही आहे. कुठलं तेल ते मी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. विचारलं ते या पोरांनी!” आत्याने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. भिंगरीच्या केसांत थोडं तेल लागलं. ते कुठलं, हे कुणीच विचारलं नाही. “शाबास रे! चला, बसा!”

काकाने मागचं दार उघडलं आणि पोरांच्या आधी आत उडी मारली. “मी खिडकीशी!”

आत्याने आरशात पाहिलं. “लहान मुलं खिडकीशी बसतात. सरक मध्ये!”

आणि काका मुकाट्याने मध्ये सरकला.