एक उणा आकडा

रविवारी दुपारी मी संस्थेत गेले ती फक्त डबा आणायला. शुक्रवारचा वरणभात त्यात तसाच होता आणि तो उघडायचीच मला धास्ती होती.

दारावर वॉचमन देवाप्पा होते. "अक्का, आत कोण हाय का? मघापासनं आवाज येतोय."

"कोण असणार? मशीनच."

खोलीत अंधार, पंख्यांची घरघर आणि जळलेल्या केसांचा वास. माझा स्क्रीन चालू होता. त्यावर माझा रेणू हलत होता.

हा रेणू जगात अजून कुठेच नव्हता. कार्बन थोडा, बाकी सगळा नायट्रोजन. असे रेणू फुटायला निमित्तच शोधतात, म्हणून आम्ही ते आधी कॉम्प्युटरवर बांधून हलवून बघतो. त्या हालचालीचा एखादा आकडा उणा आला, तर रेणू टिकणार नाही. माझा एक आला होता, अगदी बारीक. गणितातला कचरा समजून मी तो सोडला आणि रसायनांच्या लॅबमधल्या प्रणिताला कळवलं, टिकतो. ती तो रेणू खरोखर बनवणार होती.

मी चित्र बंद केलं. ते पुन्हा सुरू झालं. त्याच उण्या आकड्याचा बंध ताणला जात होता, दरवेळी थोडा जास्त, आणि प्रत्येक ताणाला खोलीत टक्... टक्... वाजत होतं. मी प्रणिताला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"लॅबमध्ये. तुझं बाळ बर्फात ठेवलंय. आता बाहेर काढते."

"हात लावू नकोस... समोरची जाड काच खाली ओढ आणि बाहेर ये."

"अगं, तूच म्हणालीस की, टिकतं म्हणून."

"मी चुकले. आधी बाहेर ये..."

पावलं. दार. मग मोठा धमाका, आणि काहीच नाही.

"प्रणिता...?"

"आहे मी. बाहेरच आहे."

मी तिथेच फरशीवर बसून मनसोक्त रडले.

तासाभराने आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात कॉफी पीत होतो. तिला साधा ओरखडाही नव्हता. आम्ही उगाचच हसत होतो, दोनदा डोसा मागवला. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

चूक बघायला म्हणून मी लॅपटॉपवर ती फाइल उघडली. शेवटी अणूंची यादी असते. मी घातलेले अणू एकवीस, सगळे कार्बन आणि नायट्रोजन. यादी पुढे चालूच होती. कॅल्शियम. फॉस्फरस. लोह.

"हाडं..." प्रणिता हळूच म्हणाली. "आणि रक्त."

शेवटच्या ओळीत सोनं होतं.

तिने डावा हात टेबलाखाली घेतला. त्या हाताच्या बोटात तिची साखरपुड्याची सोन्याची अंगठी होती.