शेवटचे दोन दिवे

दार लोटून घ्या आणि जरा सरकून बसा. ही माझ्या साडूंची गोष्ट. ते विमानतळावर वायरमन होते. भित्रे म्हणाल तर मुळीच नाही. शवागारातली लाइन दुरुस्त करून तिथंच डबा उघडणारा माणूस.

सतरा डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे पावणेदहा. धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. विमानं सगळी बंद. तेवढ्यात काम उरकू म्हणून साडू कुंपणापलीकडच्या शेतात गेले. उतरणाऱ्या विमानाला वाट दाखवणाऱ्या दिव्यांची रांग तिथून जाते. तिच्या टोकाचे दोन दिवे गेले होते.

तीन वर्षांपूर्वी अशाच धुक्यात एक विमान त्या शेतात पडलं होतं. धावपट्टी हाकेच्या अंतरावर. एकेचाळीस माणसं गेली. चौकशीत दोष धुक्याला लागला. पण त्या रात्रीही हेच दोन दिवे बंद होते. 'उद्या बघू' म्हणून साडू घरी आले होते. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मला सांगितलं.

तर, त्यांनी नवे दिवे बसवले. वायरलेसवर मनोऱ्यातल्या माणसाला म्हणाले, "चालू करा."

धुक्यात रांगेतले जवळचे दिवे उजळले. शेवटचे दोन तसेच. दिवे बदलले. पुन्हा अंधार.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली.

"कुठलं विमान येतंय?"

"एकही नाही, काका. आज सगळं बंद आहे."

घरघर खाली येत होती. साडूंनी घाईघाईनं दिवा पुन्हा खोलला. स्क्रू गवतात पडला. गुडघे टेकून ते चाचपू लागले... आणि अगदी पाठीशी एक बाई बोलली.

"दादा, अजून काही दिसत नाही हो."

वळून बघायचा धीर झाला नाही.

"लावतो, ताई. आत्ता लावतो."

"किती वेळ फिरतोय आम्ही..."

"लावतो म्हटलं ना. थोडं थांबा..."

बोटांनीच दिवा दाबून धरला. बोटं सोलली. दिवा लागेना. शेवटी बॅटरी डोक्यावर धरून ते शेतात धावत सुटले. रडत. ओरडत. वर घ्या... अजून वर...

आवाज डोक्यावर आला.

थांबला.

...

पहाटे ते सापडले. ढेकळांत बसलेले. डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात मानेवर. त्यानंतर त्यांनी चौकशीवाल्यांना पत्र लिहून सगळं कबूल केलं आणि नोकरी सोडली. पत्राला उत्तर आलं नाही.

त्या सकाळी दवाखान्यात त्यांचा शर्ट मी बदलला. पोटावर आडवा, तीन बोटं रुंद, काळानिळा वळ. डॉक्टरांनी तो दाबून पाहिला. म्हणाले, "यांना कुठल्या सीटला पट्ट्यानं बांधलं होतं?"

साडू गेल्या वर्षी वारले. मधे एकोणीस वर्षं गेली. त्यांना शेवटची आंघोळ मीच घातली.

वळ तसाच होता. ताजा.