न बसणारा गाळ

दगड कापायचं मशीन दिसायला राकट, पण त्याचे नखरे विचारू नका, आणि सगळे नखरे तेलाचे. फार पातळ तेल घाला, धूर सुटतो. फार जाड घाला, पात्याच्या धारेपर्यंत पोचतच नाही, दगड करपतो आणि महागाचं पातं वाकतं. रॉकेल-डिझेल मिसळून स्वस्तात भागवणारे महाभागही असतात. त्यांची छाती पुढे कशी वाजते ते त्यांच्या बायकांना विचारावं. थोरलीच्या घरात असला आचरटपणा कधी चालला नाही. तिथे तेल यायचं ते बिनवासाचं, बिनरंगाचं, सहजी पेट न घेणारं. ती आईची शिस्त होती.

कारखाना आईचाच. कारखाना म्हणजे घराची मागची खोली. तिथे ते एक झाकणाचं मशीन, खिडकीखाली रंगीत दगडांचा ढीग आणि भिंतीला लावून ठेवलेले कापलेले काप. आईनं उभा जन्म तिथे काढला. मग हाडांचं दुखणं आलं, असं आलं की डॉक्टरांनी थोरलीला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, आता बरं होणं नाही, फक्त दुखू द्यायचं नाही. आईनं खाट मशीनच्या शेजारच्या खोलीत हलवून घेतली. आवाज ऐकू आला की जिवाला बरं वाटतं, म्हणाली. धाकटी बहीण लांब दुसऱ्या शहरात, तिचा फोन यायचा. तेव्हा मशीन थोरलीच्या गळ्यात आणि आईही. खोटं कशाला बोला, थोरली दमली होती. इतकी की जिना चढून गेल्यावर कशासाठी आलो तेच आठवायचं नाही, आणि रात्री पाय असे ठणकायचे की ते कापून बाजूला ठेवावेत.

आता तेलाचं असं असतं. पातं दगडातून जातं तेव्हा स्वतःच्या जाडीएवढ्या दगडाचं पीठ करतं. ते पीठ तेलात उतरतं, तेल राखाडी होतं, मग चिखल. तो चिखल पिंपात ओतून ठेवायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ तेल अलगद काढून परत मशीनच्या टाकीत घालायचं. कमी पडेल तेवढं नवं घालायचं, पण कोरं कधी नाही. जुन्या तेलाचं विरजण लावायचं, असं आई म्हणायची. आणि थेंब वाया घालवायचा नाही. कापावरून पुसलेलं, बोटांवरून निथळलेलं, सगळं टाकीत परत. थेंब सांडला की आई नुसती बघायची, तेवढं पुरे व्हायचं.

त्या संध्याकाळी आईचे पाय फार दुखत होते. गोळी देऊन झाली होती. मलमाच्या वासानं तिला उलटी व्हायची. "काहीतरी कर गं," एवढंच म्हणत होती, पुन्हा पुन्हा. थोरलीला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्हींना वेळ नव्हता. तिनं मशीनचं नवं तेल वाटीत घेतलं. वास नाही, रंग नाही, त्वचेला काही करत नाही. जरा कोमट करून आईचे पाय तळव्यापासून घोट्यापर्यंत चोळत बसली. आईला झोप लागली.

वाटीत थोडं उरलं. दुसऱ्या कुणीही ते मोरीत ओतलं असतं. थोरलीच्या हातांनी, तिला विचारायलाही न थांबता, ते टाकीत ओतलं.

सकाळी अकीकाचा मोठा दगड कापायला लावला. दुपारी आई म्हणाली, "पाय दुखत नाहीत बघ."

"तेलाचा गुण," थोरली हसत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तेल मात्र राखाडी होईना. सुरुवातीला तिला बरंच वाटलं. पिंपं उपसायला नकोत, गाळ खरवडायला नको; फुकटची सुट्टी मिळाली तर कोण नाही म्हणेल? पण ती दगड कापणारी बाई होती. दगड कापला की पीठ पडणारच, यात नशिबाचा भाग नाही. एक दिवस तिनं बाही वर करून टाकीच्या तळाला हात घातला. तळ घासून ठेवलेल्या भांड्यासारखा गुळगुळीत होता.

धाकटी भेटायला आली. आईला कुशीवर वळवायला गेली आणि मटकन खाली बसली. "आई गं! किती जड झालीस! ताई तुला दगडधोंडे चारते की काय?"

आई खुदकन हसली. थोरलीला हसू आलं नाही. गेला महिनाभर आई अन्नाला शिवत नव्हती, आणि तिला वळवताना थोरलीच्या कमरेचे टाके ढिले होत होते.

डॉक्टर आले. त्यांनी आईच्या पायाला हात लावला आणि जरा जास्तच वेळ तसाच ठेवला.

"गार आहेत. रक्त पोचत नसेल. दुखतात का?"

"मुळीच नाही," आई म्हणाली. "आता गुडघेसुद्धा नाहीत."

"मग चांगलंच की." त्यांनी हात रुमालाला पुसला, बोटं नाकाशी नेली. "तेल लावता का?"

"एकदाच लावलं होतं," थोरली म्हणाली.

त्यांनी बॅग उचलली. चहाला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईची नखं काढताना नेलकटर हातातून निसटलं आणि तिच्या नडगीवर पडलं. टण् असा आवाज आला. थोरली जागच्या जागी थिजली. कापण्याआधी प्रत्येक दगड वाजवून बघतात. आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. हा आवाज स्वच्छ होता. दगड निकोप होता.

"काय पडलं गं?" आईनं विचारलं.

"काही नाही."

थोरलीनं ते तेल त्याच दिवशी पिंपात काढलं. टाकी पुसली, डब्यातलं नवं भरलं, विरजण न लावता, जन्मात पहिल्यांदा. दगड लावला. तासाभरात तेल राखाडी झालं. तो घाणेरडा, ओळखीचा चिखल बघून तिला इतकं हायसं वाटलं की ती स्टुलावर बसून रडली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आई ओरडली.

तसं ओरडणं थोरलीनं आधी ऐकलं नव्हतं. पाय दुखत होते, गुडघे दुखत होते, जिथे जिथे थांबलं होतं ते सगळं व्याजासकट परत आलं होतं. गोळीनं काही झालं नाही. डॉक्टरांचा फोन लागला नाही. आई खाटेची कड धरून म्हणत होती, "मशीन बंद का केलंस? बंद का केलंस गं?"

"चालू आहे आई, ऐक ना, चालू आहे."

"ते नाही. आपलं."

थोरली उठली. तिनं पिंपातलं जुनं तेल परत टाकीत घातलं.

त्यानंतर ती कापतच राहिली. गिऱ्हाइकांचे दगड संपले. मग खिडकीखालचा ढीग संपला. मग अंगणातले, ज्यांना कुणी फुकटही घेणार नाही असले ओबडधोबड धोंडे तिनं मशीनच्या शिकंज्यात आवळले. दुखणं आईच्या अंगात वर वर सरकायचं आणि त्याच्या मागोमाग तो गारवा. मांड्या, कंबर, पोट. धाकटीचा फोन आला की थोरली सांगायची, "आईला आराम आहे." ते खरं होतं, आणि दुसरं काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं.

मनात मात्र एकच घोकणं चालायचं: आणखी वर जाऊ नये. इथवर ठीक, वर नको.

एका दुपारी आईनं हाक मारली. "छातीत कळ येते गं."

थोरली दारात उभी राहिली. "खूप?"

"खूप."

"डॉक्टरांना बोलावते."

"त्यांना काय कळतंय?" आईनं ओठ चावला. कपाळावर घाम होता. "लाव ना मशीन."

"आई, तिथे श्वास असतो."

"मला ठाऊक आहे कुठे काय असतं," आई म्हणाली. "लाव."

थोरली किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. आई कण्हत होती, मग कण्हणंही जमेना. शेवटचा धोंडा उचलून थोरलीनं शिकंज्यात आवळला, झाकण लावलं, बटण दाबलं.

मग येऊन आईचा हात धरून बसली.

भिंतीपलीकडे पातं दगडात शिरलं. आवाज जाड झाला, एकसारखा झाला. आईच्या कपाळावरची आठी हळूहळू उकलली. छाती वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. मग वर गेली नाही.

कापून झाल्यावर मशीन आपोआप थांबलं.

घरात काही वाजत नव्हतं. थोरलीला रडायचं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. आई सुटली, तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, मीही सुटले, आणि त्याची लाजही वाटली नाही. तिनं डोकं खाटेच्या कडेला टेकलं.

"बरं वाटलं," आई म्हणाली.

थोरलीनं वर बघितलं. आईचे डोळे उघडे होते, शांत, चकचकीत. छाती हलत नव्हती.

"किती दमलीस गं तू माझ्यापायी," आई म्हणाली. "पाय ठणकत असतील. वर घे."

"राहू दे, आई."

"घे म्हणते ना."

आईचं न ऐकण्याची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. थोरलीनं पाय खाटेवर घेतले. आईचा हात आला. जड, गार, आणि तळहाताला तेल सुटलेलं. तो तळव्यापासून सावकाश चोळत घोट्यापर्यंत आला. काय बरं वाटत होतं! ठणका अगदी मुळासकट उतरत होता.

फोन वाजायला लागला. धाकटीचा असणार. उठून घ्यावा असं थोरलीला वाटलं. पाय खाली सोडून बघावेत, असंही एकदा वाटलं.

मग तिनं डोळे मिटले. बघू सावकाश, ती म्हणाली, आणि जरा सरकून आईला गुडघ्यापर्यंत जागा करून दिली.