तीस फुटांवरची तार

बळीराम वायरमन उंचीनं पाच फूट, पण तार ताणावी तर त्यानंच. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या माघात काटोलच्या पुढं, एका सपाट वावरात त्यानं दोन लोखंडी खांब गाडले, तीस फुटांवर तार ताणली अन् तिच्यावर एक डबा सरकता केला. डबा खाली रेडिओची लहर सोडे. ती आपटून वापस आली की उंची सांगे. नागपूरच्या कारखान्यात बिनपायलटचं छोटं विमान बनत होतं, त्याच्या पोटात हा डबा बसणार होता.

उंची दाखवणारी सुई खाली टेबलावर, कारखान्याच्या ओमप्रकाश साहेबांपुढं. डबा सरकला. तीस. तीस. तीस. मधोमध आला अन् सुई पंचवीसवर.

साहेबांनी स्वतः टेप लावून पाहिली. तीस फूट पूर्ण. खाली भर दुपारची तापलेली ढेकळं, दुसरं काही नाही.

"तार बरोबर हाये. मंग तुझी जोडणी चुकली गा बळीराम."

"नाही साहेब."

"उद्या मोठे साहेब येतात. सुई अशीच नाचली तर तुझ्या परमनंटच्या कागदावर सही कशी करू?"

सात वर्षं रोजीवर काढली होती त्यानं. "मी तारेखाली उभा राहतो, साहेब. मले बरोबर मोजलं तर जोडणी बरोबर. मंजूर?"

तो खांबाजवळ उभा राहिला. डबा त्याच्या डोक्यावर आला.

"पंचवीस!" साहेब हसले. "बुटक्या, तुले तर बरोबर मोजलं!"

"मंग मधातलं ते पाच फुटाचं काय, साहेब?" साहेबांचं हसू अर्ध्यातच राहिलं.

बळीराम मधात गेला. तिथली ढेकळं पायाले गार लागली. खांद्यावर शिडी ठेवावी तसा भार आला. आधी डावीकडं, मंग उजवीकडं.

"वीस," साहेब ओरडले. "डोक्यावर काय घेतलं बे?"

त्यानं दोन्ही रिकामे हात वर केले. हाताले काही लागलं नाही.

"वीसच हाये. सरक तिथून!"

तो दहा पावलं सरकला. डबा मागं आला.

वीस.

डबा पुन्हा मधात नेला. तिथं आता तीस.

साहेबांनी पेन काढलं अन् घाईघाईनं परमनंटच्या कागदावर सही केली. "जाय घरी. तुझं काम झालं." बोलताना त्यांची नजर बळीरामच्या तोंडावर नव्हती. चांगली पाच फूट वर होती.

दिवस बुडायच्या आत तो नागपूरले पोचला. कागद खिशात होता. बायको प्रेमिला दारातच उभी.

"झालं का जी?"

"झालं."

ती हसली, आत वळली. सहा फुटांचं दार. बळीराम उंबऱ्याशी थांबला अन् पार कमरेतून वाकला.

"एवढं मोठं दार, काहून वाकून राहिले?"

"नाही तं त्याले लागन वं," तो बोलून गेला.